किटलीचं टोपडं

कृपाबाई उजागरे यांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला. भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेल्या होत्या, तेव्हा कुणीतरी हौसेनं दाखवायला नेलं, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. "एवढं पाणी, आणि चूळ भरायच्या कामाचं नाही," असं त्या परत आल्यावर ज्याला त्याला सांगत. "त्यापेक्षा आपला समुद्र बरा. तहान लागली तर पिता तरी येतो."

आपला समुद्र म्हणजे मुळा धरणाचं पाणी. राहुरी तालुक्यात त्या पाण्याच्या काठाला आमची वसाहत होती. जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा माणसांना उठवून वर माळावर आणून बसवलं होतं. सत्तर साली माझी तिथल्या उपकेंद्रावर नर्स म्हणून नेमणूक झाली. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, लहान मुलांचा एक वजनकाटा आणि ऊन तापलं की कडकड वाजणारा पत्रा. शेजारचं घर कृपाबाईंचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, संगमनेरची, कोर्समध्ये पहिली आलेली आणि स्वभावानं तिखट. नाकावर माशी बसू देत नसे. मला सगळं येतं आणि लोकांना काही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती मोडायला तीन वर्षं लागली. कृपाबाईंनी मोडली, आणि एकदाही न भांडता मोडली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

कृपाबाई तेव्हा अठ्ठावन्नच्या असतील. उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या, मानेवर सुपारीएवढा पांढरा अंबाडा. नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांनी बावीस वर्षं आयाचं काम केलं होतं. तिथल्या एका मडमेनं त्यांना विणायला शिकवलं. नवरा शांतवन धरणाच्या कामावर वॉचमन होता. काम संपलं तरी दोघं तिथंच राहिली, कारण कृपाबाईंचा त्या पाण्यावर जीव जडला होता. मूलबाळ नव्हतं. शांतवनकाका दिवसाकाठी मोजून दहा शब्द बोलत, आणि त्यातले सहा 'हो' असत.

कृपाबाईंच्या सुया दुकानातल्या नव्हत्या. सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून टोक काढायचं, मागच्या बाजूला लाखेचा मणी बसवायचा, झाल्या सुया. लोकरही तशीच. नगरला लष्कराची छावणी. तिथले विटलेले, कोपरावर फाटलेले स्वेटर जुन्या बाजारात ढिगानं विकायला येत. कृपाबाई महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन दोन-तीन घेऊन येत आणि घरी आल्यावर उसवत. शांतवनकाका दोन्ही हात पुढे करून शहाण्या मुलासारखे बसायचे, उसवलेली लोकर त्यांच्या हातांवर गुंडाळली जायची. मग ती धरणावर धुवायची आणि कुरळेपणा जावा म्हणून खाली दगड बांधून बाभळीच्या फांदीला टांगायची. वसाहतीत नवा आलेला माणूस हमखास विचारी, ही बाई झाडावर शेवया का वाळवते? त्या शेवयांतून सगळ्या पोरांच्या टोप्या आणि स्वेटर निघत. रंग एकच, लष्करी हिरवट. हिवाळ्यात शाळा सुटली की पलटण रजेवर निघाल्यासारखी दिसे.

दिवाळी सरली की सकाळची कामं उरकून बायका काठावरच्या बाभळीखाली ऊन खायला जमत. ही रीत कृपाबाईंनीच पाडलेली. तिथल्या शेतकऱ्याघरच्या बायकांना हातावर हात ठेवून बसायची चोरी होती. रिकामी बसली की सासू म्हणणार, हिला काही काम न्हाई का? पण विणणं हे काम होतं. हातात सुया असल्या की बाई तासभर उन्हात बसली तरी तिला कुणी नाव ठेवू शकत नसे. कृपाबाईंनी सात-आठ जणींना शिकवलं, आणि मला ठाऊक आहे, त्यातल्या निम्म्या जणींनी तीन हिवाळ्यांत वीतभरसुद्धा विणलं नाही. रोज चार ओळी घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी उसवायच्या. कृपाबाईंना ते कळत होतं. त्या काही बोलत नसत.

सुखाची त्यांना भूक मोठी होती आणि पोट लहान होतं. ओटीत पसाभर उकडलेल्या शेंगा, पाठीवर ऊन, पायाशी पाणी चुबुकचुबुक वाजतंय, एवढ्यावर त्यांचा चेहरा असा होई की बघणाऱ्याला वाटावं, हिला काहीतरी लाभ झालाय. डिसेंबरात पाण्यावर केशरी रंगाची मोठी बदकं उतरत. पुस्तकात त्यांना चक्रवाक म्हणतात. वसाहतीत 'पाव्हणी' म्हणत. पाव्हणी आली की कृपाबाई सुया थांबवत आणि बाकीच्यांनाही गप्प करत. "उतरू द्या त्यांना नीट. लांबून आलीत." मी सुरुवातीला यावर हसत असे. दुसऱ्या वर्षी मीच बायकांना गप्प करायला लागले.

या घोळक्यापासून पाच-सहा हात दूर, स्वतःच्या एका ठरलेल्या दगडावर आक्काबाई बसत. जुन्या गावात त्यांचं घर सगळ्यात मोठं. जमीन पाण्यात गेली तरी मान तशीच ताठ राहिलेली. त्या विणत नसत, पण सगळ्यांचं ऐकत, आणि अधूनमधून एखादं वाक्य असं टाकत की समोरचीचा टाका सुटे. लांब बसायला कारण होतं. कृपाबाईंचे आजे-पणजे ज्या वस्तीतले, त्या वस्तीचं पाणी आक्काबाईंच्या घराण्यात चालत नव्हतं. कृपाबाईंच्या घरानं धर्म बदलून दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या, पण आक्काबाईंच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं. बाकीच्या बायकाही कृपाबाईंकडून विणणं घेत, शेंगा घेत, पण चहा घेत नसत. सुईसुद्धा हातातून हातात न देता जमिनीवर ठेवून द्यायची. मला याचा संताप यायचा. कृपाबाई म्हणत, "सिस्टर, शेंगेला टरफल असतं म्हणून चालते. चहाला टरफल नाही, त्याला मी काय करू?" आणि हसत. मला ते हसू कधी समजलं नाही.

एकदा त्यांनी मडमेच्या घरची गंमत सांगितली. मडम चहाच्या किटलीला लोकरीचं टोपडं घालायची. बायका हसून हसून आडव्या झाल्या.

"किटलीला थंडी वाजती व्हय?" आक्काबाई दगडावरून म्हणाल्या.

"किटलीला नाही आक्का, आतल्या चहाला वाजते."

आता जे सांगायचं ते त्र्याहत्तरच्या हिवाळ्यातलं. आक्काबाईंना मच्छिंद्र हा एकुलता एक मुलगा. त्याची बायको छबूबाई तिसऱ्यांदा गरोदर होती. पहिली दोन बाळंतपणं घरीच, गोजरबाई सुईणीच्या हातची, आणि दोन्ही ऐन थंडीतली. पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं चौथ्या. दुसऱ्या वेळी मी तिथं होते, पण मला बोलावलं तेव्हा वेळ गेली होती. ते बाळ हातात घेतल्याचं मला आजही आठवतं. आजार म्हणावा असं त्याला काही नव्हतं. ते गार पडलं होतं. पाण्यावरचा वारा, जन्मल्याबरोबर घातलेली आंघोळ, आणि अंगावर आक्काबाईंच्या लुगड्याचा धुऊन विरलेला एक तुकडा. एवढंसं बाळ त्या थंडीत किती टिकणार? आणि आता छबूचे दिवस पुन्हा थंडीतच, पौषाच्या अखेरीला भरत होते. तिचं वजन वाढत नव्हतं. ती माझ्याकडे तपासायला यायची तेव्हा एकच प्रश्न विचारायची, "बाई, हे ऱ्हाईल का?"

मी ठरवलं, हे राहिलं पाहिजे. मग मी जे केलं ते माझ्या हुशारीला शोभेल असंच होतं. नगरहून फलालीनचं नवं कोरं झबलं आणि टोपडं आणलं, आणि सातव्या महिन्यात भरदुपारी आक्काबाईंच्या घरी जाऊन छबूच्या हातात ठेवलं. वर थंडी, बाळंतपण आणि अंधश्रद्धा यांवर एक भाषणही दिलं.

छबूच्या हातातून ते झबलं जळता निखारा पडावा तसं पडलं. आक्काबाई आतून आल्या. ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं.

"दोन गेली हायेत आमची," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याचं तुमी आदीच आंगडं घिऊन आला. उचला ते. आन् हिच्या बाळंतपनाला तुमी या घरात यायचं न्हाई."

मच्छिंद्र दारात उभा होता. तो खाली बघत राहिला. मी झबलं उचललं आणि बाहेर आले.

संध्याकाळपर्यंत मी रागानं धुमसत होते. कृपाबाईंपुढे सगळं ओकले. त्या उसवण्याचं काम करत होत्या, शांतवनकाकांचे हात पुढे होतेच. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "झबलं नवं होतं?"

"मग काय, जुनं नेऊ?"

"हो," कृपाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावलं, म्हणजे माझा कान न धरता धरला. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावानं काही शिवायचं नाही, विणायचं नाही, आणायचं नाही. त्यानं दृष्ट लागते. आणि जन्मल्यावर पाचवी होईपर्यंत, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाईपर्यंत, अंगाला नवं लावायचं नाही. जुनेरच लागतं. तेही कुणाचंही चालत नाही. घरातल्या, जगल्या-वाचल्या, थोराड माणसाच्या अंगावरचं लागतं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. "हे मला दवाखान्यात बावीस वर्षं रोज दिसलं, सिस्टर. तुम्ही दोन्हीकडून चुकलात. आधी नेलंत, आणि नवं नेलंत."

"आणि हे तुम्हाला पटतं?"

"मला पटायचं काय काम? थंडी काय माझ्या पटण्यासाठी थांबणार आहे?"

मी झबलं पिशवीत ठेवून दिलं. माझ्यामुळे त्या घराचं दार बंद झालं होतं आणि आत छबू होती. खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर आठवडाभरानं कृपाबाईंनी बाभळीखाली नवीन विणकाम काढलं. लोकर बारीक, मऊ, निळी. टोपडं एवढंसं, नारळाच्या वाटीवर बसेल असं. बनुबाईनं, म्हणजे आक्काबाईंच्या चुलतजावेनं, विचारलं, "हे कुनाचं वो?"

"किटलीचं," कृपाबाई म्हणाल्या.

सगळ्या जणी थांबल्या. कृपाबाईंच्या घरी किटली नव्हती. चहा पातेल्यात होई आणि पातेल्यातूनच कपात येई, हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. पण सुया पुन्हा चालू झाल्या. दगडावर बसलेल्या आक्काबाईंनी फक्त मान वळवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी आक्काबाईंचा दगड हातभर अलीकडे सरकला होता. दगड कसला सरकतोय, आक्काबाईच दुसऱ्या दगडावर बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तोटीला भोक कुठं ठिवलं?"

"ते मागनं पाडीन, आक्का."

"मागनं इसरशील."

"नाही विसरायची."

टोपडं झालं. मग त्याच निळ्या लोकरीचं एक झबलं सुरू झालं, बाह्यांसकट. तेही किटलीचंच. तिसऱ्या आठवड्यात दोन इवलाले मोजे निघाले, माझ्या अंगठ्याएवढे. तेव्हा मात्र आक्काबाईंना राहवलं नाही.

"किटलीला पाय बी असत्यात?"

"मडमेच्या किटलीला होते," कृपाबाई शांतपणे म्हणाल्या आणि टाके मोजत राहिल्या.

बाकीच्या बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. आक्काबाई हसल्या नाहीत. पण "किती झालं?" असं त्या रोज विचारायला लागल्या. कधी म्हणत, "किटली बारकी आसंल तर मोठं हुईल ते." कधी म्हणत, "गळ्याला जरा ढिलं ऱ्हाऊ द्या." छबूचं नाव कुणी काढलं नाही, बाळाचं नाही, थंडीचंही नाही. महिनाभर त्या काठावर दोन बायका एका नसलेल्या किटलीबद्दल इतक्या काळजीनं बोलत होत्या, की पाण्यावरची बदकंसुद्धा ऐकत असतील. मी रोज तिथं बसून हे ऐकत होते आणि तोंड मिटून होते. तोंड मिटून बसायची मला सवय नव्हती. ती तेव्हा लागली.

एका रविवारी कृपाबाई राहुरीला उपासनेला निघाल्या तेव्हा कडाक्याची थंडी होती. अंगाभोवती नुसता पदर घट्ट लपेटलेला. त्यांचा एक निळा स्वेटर होता. दवाखान्यातून निवृत्त होताना मडमेनं विलायतेहून मागवून लोकर दिली होती, तो त्यांनी स्वतःसाठी विणला होता. आयुष्यात स्वतःसाठी विणलेली ती एकच वस्तू. बारा वर्षं तो फक्त रविवारी आणि नाताळात बाहेर निघायचा, आणि तो घातला की त्या जरा मान तिरपी करून चालत.

"स्वेटर कुठं?" मी विचारलं.

"धुवायला टाकलाय."

मी 'बरं' म्हटलं. रंगावरून मला तिथंच कळायला हवं होतं. पण आमच्या कोर्समध्ये डोळे उघडे ठेवणं हा विषय नव्हता.

छबूचे दिवस भरायला अजून महिना होता. डिसेंबराच्या अखेरीस, सकाळी दिवस कासराभर वर आला असताना, मच्छिंद्र धावत आमच्याकडे आला. पायात चपला नव्हत्या. दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "आईनं सांगितलंय, किटलीचं सामान घिऊन या. आन्..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "आन् नर्सबाईंनाबी आना म्हनली."

आम्ही पळतच गेलो. कृपाबाई ओट्यावर थांबल्या. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी टाकलं नाही. मी आत गेले. बाळ झालं होतं. मुलगी. गोजरबाईच्या हातात ती मावून जागा उरत होती, रंग निळसर, रडणं मांजराच्या पिलाएवढं. वजन करायला वेळ नव्हता. चार पौंडांच्या वर नक्की नव्हती. बाजूला आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं होतं. वाऱ्यानं खिडकीचं फळकूट आपटत होतं.

"आंघोळ नको," मी म्हणाले. भाषण दिलं नाही. "आक्का, आज नुसतं पुसू द्या."

गोजरबाईनं आक्काबाईंकडे बघितलं. आक्काबाईंनी तिच्यापुढे हात आडवा धरला आणि मला म्हणाल्या, "पुसा." मी बाळाला पुसलं, त्यांच्या लुगड्याच्या जुनेरात गुंडाळलं. तळपाय बर्फासारखे होते. आक्काबाई वळल्या आणि उंबऱ्याशी गेल्या. बाहेर कृपाबाई निळं टोपडं, झबलं आणि मोजे दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. खाली ठेवून द्यायची रीत, पण ओट्याची जमीन गार आणि ओलसर होती, आणि त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

"लोकर कुनाची?" आक्काबाईंनी विचारलं.

"माझी," कृपाबाई म्हणाल्या. "माझ्या अंगावरचा स्वेटर होता. बारा वर्षं वापरलाय. लष्कराची लोकर टोचते, आक्का, आणि ती कुठल्या शिपायाची, जिवंत आहे की नाही, कुणाला माहीत. म्हणून माझीच घेतली."

आतून छबू बघत होती, बाहेरून मच्छिंद्र. आक्काबाईंच्या मनात त्या क्षणी काय काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. चार पिढ्यांचं सोवळं होतं, दोन गेलेली नातवंडं होती. बाळ एकदा कण्हलं.

"म्हंजी जुनेर झालं," आक्काबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला आणि ते कपडे कृपाबाईंच्या हातातून आपल्या हातात घेतले. मग आत येऊन स्वतः बसल्या आणि आपल्या जाडजूड, शेतात राबलेल्या बोटांनी ते टोपडं बाळाच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढलं. "चा गार व्हतोय," एवढंच त्या पुटपुटल्या.

पुढचे पाच दिवस मी त्या घरातून हलले नाही. बाळ सारखं छबूच्या छातीशी, वरून गोधडी, खोलीच्या कोपऱ्यात शेगडी. दूध ओढायची ताकद नव्हती, बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. कृपाबाई दिवसभर ओट्यावर बसून असत. विणत नव्हत्या. त्यांना मी रिकाम्या हातांनी बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. मी बाहेर आले की त्या नुसतं वर बघत, आणि मी मान हलवे. तिसरा दिवस आला. छबू दिवसभर बाळाच्या नाकाशी बोट धरून बसली होती. तिसरा गेला. चौथ्या दिवशी आक्काबाई सकाळपासून उठल्याच नाहीत जागच्या. दर थोड्या वेळानं त्या मोज्यातल्या पायाला हात लावून बघत. उन्हं कलताना बाळानं तोंड वासून असं भोकाड पसरलं, की ओट्यावर कृपाबाई दचकून उभ्या राहिल्या. मी इतकी हसले, आणि हसता हसता रडले, याची मला अजून लाज वाटत नाही.

पाचवी झाली. बाळ जगलं.

बाराव्या दिवशी बारसं. छबूच्या खोलीत पाळणा टांगला, बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या. मच्छिंद्रला बहीण नव्हती, त्यामुळे नाव ठेवायला आत्या कोण, हा प्रश्न होता. बनुबाईची लेक आली होती आणि ती नवं लुगडं नेसून पाळण्याजवळ उभी होती. कृपाबाई रोजच्या जागी, ओट्यावर, शांतवनकाकांना घेऊन बसल्या होत्या.

आक्काबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "आत या."

"इथं बरं आहे, आक्का. इथून ऐकू येतं."

"बाळाची आत्या वट्यावर बसत न्हाई."

पाळण्यापाशी कुजबुज झाली. बनुबाई पुढे झाली. "आक्का, आसं कसं? आत्या म्हंजी रगताची लागती."

"जुनेर तिनं दिलं," आक्काबाई म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. "पाच दिस पोरगी तिच्या आंगावरच्या लोकरीत जगली. रगताच्या मानसांनी काय दिलं ते आदी सांगा, मंग बोला."

बनुबाई दोन पावलं मागे सरकली.

कृपाबाई उठल्या.  त्यांनी एकदा शांतवनकाकांकडे बघितलं. काका म्हणाले, "जा." उंबऱ्याशी त्या क्षणभर थबकल्या, पदर सारखा केला, आणि आत आल्या. बायका आपसूक बाजूला झाल्या. वाट द्यायला की अंग चोरायला, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"नाव काय ठेवायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते आत्यानं ठरवायचं आसतंय," पाळण्यामागून छबू म्हणाली.

कृपाबाईंनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं. मग कानात, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भीमा. पाण्याकाठी जन्मली, नदीचं नाव असू द्या."

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. आत्यानं कानात नाव घेतलं रे घेतलं, की मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हसायचं, ओरडायचं, आणि जिला जमेल तिनं हात धुऊन घ्यायचा. आत्या वाकलेली, धपाट्यांची वाट बघत.

कृपाबाई तशाच वाकून उभ्या होत्या. आणि एकही हात उठला नाही. पंधरा-वीस बायका त्यांच्या मागे होत्या. त्यांच्यात विणणं शिकलेल्या होत्या, त्यांच्या शेंगा खाल्लेल्या होत्या, त्यांनी विणलेल्या टोप्यांत ज्यांची पोरं वाढली त्या होत्या. हात जरा हलायचे आणि पुन्हा पदर धरायचे. त्या पाठीला आजवर त्यांच्यापैकी कुणाचाच हात लागलेला नव्हता. मी पुढे सरकणार होते. पण माझ्या धपाट्याला अर्थ नव्हता. मी बाहेरची.

तेवढ्यात आक्काबाई बायकांतून वाट काढत आल्या, पदर खोचला, आणि कृपाबाईंच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की पाळणा हलला. दुसरा घातला. मग वळून म्हणाल्या, "बगताय काय? हात झडलं का तुमचं?"

मग जो धुमाकूळ झाला तो विचारू नका. सगळ्या बायका एकदम तुटून पडल्या. बनुबाईनंसुद्धा मारला, आणि चांगला मारला. कृपाबाई पाळण्याची दोरी धरून हसत होत्या, "अगं पुरे, अगं मेले," म्हणत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांना सरळ बसता येत नव्हतं. साठी उलटलेल्या पाठीवर वीस बायकांचे धपाटे म्हणजे काही थट्टा नाही. मी शेकायची पिशवी गरम करून घेऊन गेले होते.

"पालथ्या पडा," मी म्हणाले, "शेकून देते, दुखायचं राहील."

त्यांनी माझा हात अडवला.

"नको, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस दुखू द्या."